ऑटोकॅडमध्ये व्ह्यूपोर्टचा क्रॉप सुटतोय? रीइन्स्टॉल नंतर करा, आधी लेयर बघा

मी नाशिकमध्ये ड्राफ्टिंगची कामं करतो. आर्किटेक्टने काढलेलं आणि सर्व्हेयरने पाठवलेलं एकत्र करायचं, लेआउटवर बसवायचं आणि प्रिंट काढून द्यायची, एवढंच माझं काम. त्यात सगळ्यात जास्त फोन येतात ते या एकाच गोष्टीसाठी, "काल व्ह्यूपोर्ट मस्त क्रॉप केला होता, आज उघडलं तर शेजारचे गट नंबर टायटल ब्लॉकवर सांडलेत." (लेआउट म्हणजे प्रिंटचा कागद, टायटल ब्लॉक म्हणजे त्यावरची नाव-माहितीची चौकट, व्ह्यूपोर्ट म्हणजे मॉडेलमधलं मूळ ड्रॉईंग कागदावर दाखवणारी खिडकी, आणि क्रॉप म्हणजे ती खिडकी हव्या त्या आकारात कापणं.) आणि फोन येतो तो नेमका प्लॉटरवाल्याकडे उभं राहूनच, मागे चार जण लाईनीत असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे ऑटोकॅडबद्दल आहे, दुसऱ्या कॅडमध्ये कमांडची नावं थोडी वेगळी असतील.

आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ओळखा, कारण सगळ्यालाच लोक "क्रॉप बिघडला" म्हणतात आणि आजार मात्र वेगवेगळे असतात.

- वेड्यावाकड्या आकारात कापलेला व्ह्यूपोर्ट परत चौकोनी झाला, बाहेरचं सगळं दिसायला लागलं
- क्रॉपचा आकार जागेवर आहे, पण आतलं ड्रॉईंग सरकलंय किंवा स्केल बदललंय
- स्क्रीनवर बरोबर, पीडीएफमध्ये एका बाजूची पट्टी गायब
- चौकट दिसते, आत काहीच नाही, किंवा आतलं अर्धंच दिसतं
- व्हीपीक्लिप या क्रॉप करायच्या कमांडला पॉलीलाईन (सलग जोडलेली रेघ) दाखवली तर घेतच नाही
- मोठ्या व्ह्यूपोर्टच्या पोटात की-प्लॅनचा (जागा कुठे आहे ते दाखवणाऱ्या छोट्या नकाशाचा) छोटा व्ह्यूपोर्ट आहे, त्याला हात लागत नाही आणि दोघांच्या रेषा एकमेकांवर छापल्या जातात
- पॅन करताना कापलेल्या भागाबाहेर रेषा चमकतात, थांबलं की जातात

आता तपासणी. सोप्यापासून सुरू करा आणि क्रम मोडू नका, कारण शेवटच्या उपायात लेआउट नव्याने लावायला लागतो आणि पहिल्यात पाच सेकंद जातात. त्याआधी फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करा. हे सांगायला नको, पण सांगतो. पावसाळ्यात इकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट दुरुस्त केलेली फाईल बिघडलेल्या फाईलपेक्षा जास्त डोकं खाते.

पहिलं म्हणजे रीजेनऑल मारा. ऑटोकॅड लेआउटचं चित्र मेमरीत धरून ठेवतं, टॅब बदलल्यावर बऱ्याचदा तेच जुनं दाखवतं. नुसतं रीजेन चालू व्ह्यूपोर्टपुरतं असतं, रीजेनऑल सगळ्यांना लागू होतं. याने सुटलं तर सुटलं, नाही सुटलं तरी आपण जे बघतोय ते खरं आहे एवढं तरी कळतं.

दुसरं, आणि खरं तर हीच अख्खी गोष्ट आहे. वेडावाकडा क्रॉप केलेला व्ह्यूपोर्ट ही एक वस्तू नसते, दोन असतात. एक व्ह्यूपोर्ट आणि दुसरी त्याला कापणारी पॉलीलाईन, किंवा वर्तुळ किंवा जे काय असेल ते. क्लिक केल्यावर दोन्ही एकदमच सिलेक्ट होतात म्हणून लक्षात येत नाही. प्रॉपर्टीज उघडून वरची यादी खाली ओढा, तिथे व्ह्यूपोर्ट एक आणि पॉलीलाईन एक असं वेगवेगळं दिसेल. दोघांचे लेयर, म्हणजे ड्रॉईंगचे थर, वेगळे असू शकतात. आता होतं काय, प्रिंटमध्ये ती बॉर्डर काळी रेघ म्हणून येते, ती नको असते, म्हणून कोणीतरी तो लेयर फ्रीझ करतं. आणि ऑटोकॅडचा नियम असा आहे की कापणाऱ्या बॉर्डरचा लेयर फ्रीझ केला की बॉर्डर दिसत नाही आणि कापणंही थांबतं. कात्रीच कपाटात ठेवली तर कापड कसं कापणार. लेयर ऑफ केला तर मात्र रेघ जाते आणि क्रॉप राहतो. दिव्याचं चिन्ह चालतं, बर्फाचं नाही. साध्या चौकोनी व्ह्यूपोर्टला फ्रीझ केल्याने काही होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो, वर्षभर तेच करत आलेला असतो आणि पहिल्यांदा वेडावाकडा क्रॉप करतो तेव्हा फसतो.

कोणता लेयर आहे माहीत नसेल तर लेथॉ (LAYTHW) कमांड मारा, सगळे फ्रीझ लेयर एकदम उघडतात. क्रॉप परत आला? मग निदान झालं. लगेच अनडू करा आणि तेवढाच लेयर शोधून थॉ करा. माझा पक्का उपाय असा की क्रॉपच्या बॉर्डरसाठी वेगळा लेयर ठेवायचा आणि लेयरच्या यादीत त्याच्यापुढचं प्रिंटरचं चिन्ह बंद करून टाकायचं. स्क्रीनवर दिसतो, कागदावर येत नाही, कोणाला फ्रीझ करायची गरजच पडत नाही. काही जण त्यासाठी डेफपॉइंट्स हा ऑटोकॅडचा स्वतःचा लेयर वापरतात, तो मुळातच प्रिंट होत नाही, चालतं, पण शून्य नंबरचा लेयर ऑफ किंवा फ्रीझ असला तर डेफपॉइंट्सवरची वस्तू सिलेक्टच होत नाही आणि मग "व्ह्यूपोर्टला क्लिकच होत नाही" म्हणून नवीन फोन. त्यापेक्षा वेगळा लेयर बरा.

एका ऑफिसमध्ये (नाव नाही घेत) तीन शीटचे क्रॉप दर आठवड्याला सुटायचे. मी दोनदा जाऊन दुरुस्त केले, तिसऱ्यांदा तिथेच बसून राहिलो की बघू तरी कोण करतंय. नवीन पोरगा प्रिंटच्या आधी इमानदारीने सगळ्या नको त्या लेयरवर बर्फ टाकत होता, कारण त्याला शिकवलंच तसं होतं, आणि शिकवणारा त्याच्या शेजारीच बसलेला होता. सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती, त्या आधी मात्र दोन वेळा रीइन्स्टॉल करून झालं होतं.

तिसरं, आतलं दिसत नसेल किंवा अर्धं दिसत असेल तर तो क्रॉप नसतोच बऱ्याचदा. व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करून आत जा आणि लेयरच्या यादीत व्हीपी फ्रीझचा रकाना बघा. तो त्या एकाच व्ह्यूपोर्टपुरता असतो. कंपाऊंडचा लेयर तिथे फ्रीझ असेल तर वाटतं कोणीतरी प्लॉटची कड कापली. आणि चौकट पूर्ण रिकामी असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'ऑन' समोर येस आहे का ते बघा. एका लेआउटवर एकावेळी जास्तीत जास्त ६४ व्ह्यूपोर्ट चालू राहतात, मॅक्सअ‍ॅक्टव्हीपी नावाचं सेटिंग आहे त्याचं. बंगल्याच्या कामात तिथपर्यंत कोणी जात नाही, पण दारं-खिडक्यांच्या डिटेल शीटवर एक एक खिडकी एका एका व्ह्यूपोर्टमध्ये टाकणारे लोक मी पाहिलेत, आणि कोणीतरी ते सेटिंग कमी करून ठेवलं असेल तर त्याआधीच गंमत सुरू होते.

चौथं, स्क्रीनवर बरोबर आणि पीडीएफमध्ये पट्टी गायब, हा तर कागदाचा प्रश्न आहे. लेआउटच्या पांढऱ्या कागदावर आत एक तुटक रेघ दिसते, ती प्रिंट होण्याची हद्द. त्याच्याबाहेर गेलेलं कापलं जाणार, तुम्ही व्ह्यूपोर्ट कितीही वेळा नव्याने क्रॉप करा. पेज सेटअपमध्ये कागद निवडताना फुल ब्लीडवाला ए-वन घ्या, त्याची हद्द कागदाच्या कडेपर्यंत जाते. प्लॉट एरियात विंडो ठेवलेली असेल तर लेआउट करा, कारण विंडो म्हणजे कोणीतरी कधीतरी दोन क्लिक केलेले असतात, त्यानंतर शीट वाढली तरी ते दोन क्लिक तिथेच. अर्थात फुल ब्लीडने पीडीएफ नीट होतो, खऱ्या प्लॉटरला कडेला थोडी जागा लागतेच, म्हणून टायटल ब्लॉकची बाहेरची रेघ कागदाच्या कडेला चिकटवू नका.

इथेच एक हिशोब. ए-वन ८४१ बाय ५९४ मिलीमीटर. १:५०० ला त्यावर साधारण ४२० बाय २९७ मीटर जागा मावते, टायटल ब्लॉक आणि मार्जिन गेलं की अजून कमी. मखमलाबाद, आडगावकडचे द्राक्षबागेचे लांबच लांब गट लेआउटला येतात तेव्हा ते एका शीटवर बसतच नाहीत आणि लोक क्रॉप करून करून बसवायला बघतात. नाही बसणार. दोन शीट करा किंवा ए-झिरो घ्या.

पाचवं, आतलं ड्रॉईंग सरकणं. हे लॉक न केल्याने होतं. डबल क्लिक करून आत गेलेला माणूस माऊसचं चाक फिरवतो आणि १:५०० चं १:४८७ होतं. क्रॉपची चौकट तशीच, आतलं वेगळं. प्रॉपर्टीजमध्ये डिस्प्ले लॉक्ड येस करा, किंवा खाली स्टेटस बारवरचं कुलूप. क्रम महत्त्वाचा आहे, आधी स्केल, मग लॉक, मग क्रॉप. उलटं केलं तर क्रॉप एका स्केलला बसवलेला आणि ड्रॉईंग दुसऱ्या, दोनदा काम. लॉक असताना क्रॉप बदलता येतो, त्याची भीती नको. आणि मॉडेल मीटरमध्ये असेल, सर्व्हेचं बहुतेक असतंच, तर कागद मिलीमीटरमध्ये आहे हे विसरू नका. मीटरच्या ड्रॉईंगला १:५०० म्हणजे झूममध्ये २एक्सपी (एका मीटरला कागदावर २ मिलीमीटर), १:२०० म्हणजे ५एक्सपी, १:१०० म्हणजे १०एक्सपी. यादीतलं १:१०० निवडलं आणि ड्रॉईंग ठिपक्याएवढं झालं म्हणून घाबरलेले खूप आहेत.

आता पॉलीलाईन घेत नाही त्याबद्दल. तीन गोष्टी बघा. ती कागदावर काढलीय की चुकून व्ह्यूपोर्टच्या आत मॉडेलवर? दिसताना सारखीच दिसते. पीएस कमांड देऊन बाहेर या आणि मग तिला क्लिक करा, झालं नाही तर ती आत आहे. दुसरं, बंद आहे का, प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्ड समोर येस पाहिजे, नुसतं टोकाला टोक टेकवून चालत नाही. तिसरं, ती खरंच एक पॉलीलाईन आहे की सुट्या लाईन्स, सुट्या असतील तर पीएडिटने जोडा. किमान तीन बिंदू हवेत, कंस असला तरी चालतो. वर्तुळ, लंबवर्तुळ, बंद स्प्लाईन, रीजन हेही चालतं.

मला स्वतःला आवडणारी युक्ती सांगतो. प्लॉटच्या हद्दीप्रमाणे क्रॉप हवा असेल तर कागदावर अंदाजाने बिंदू टोचत बसू नका. मॉडेलमध्ये हद्दीची पॉलीलाईन थोडी बाहेर ऑफसेट करा, जेवढा रस्ता आणि शेजार दाखवायचाय तेवढी. मग लेआउटवर येऊन व्ह्यूपोर्टच्या आत जा आणि चेस्पेस (CHSPACE) कमांडने ती ऑफसेट केलेली रेघ कागदावर उचलून आणा. जशी दिसत होती तशी, त्याच जागी, त्याच मापात येते. मग व्हीपीक्लिप, व्ह्यूपोर्ट दाखवा, रेघ दाखवा, झालं. लक्षात ठेवा चेस्पेस कॉपी करत नाही, हलवतं, म्हणून मूळ हद्द उचलू नका, नाहीतर मॉडेलमधून प्लॉटच गायब. मी केलंय हे. एकदाच.

आणि नाल्याच्या किंवा नदीच्या काठाने क्रॉप करू नका. नासर्डीच्या काठचं एक काम होतं, पोराने सर्व्हेच्या प्रत्येक बिंदूतून जाणारी काठाची रेघच क्रॉपला वापरली, हजारो बिंदूंची. लेआउटवर आलं की मशीन गुदमरायचं, सगळ्यांना वाटलं रॅम कमी पडतेय. काठाच्या बाहेरून दहा-बारा बिंदूंची ढोबळ रेघ मारली आणि पळायला लागलं.

एकावर एक व्ह्यूपोर्टचं काय करायचं? आतल्या छोट्याला क्लिक होत नसेल तर मोठ्यात डबल क्लिक करून कंट्रोल आर दाबत रहा, एकेका व्ह्यूपोर्टमध्ये उडी मारत जातं. पण मुळात व्ह्यूपोर्ट पारदर्शक असतो, वरचा खालच्याला झाकत नाही, त्यामुळे दोघांच्या रेषा छापल्या जाणारच. ड्रॉऑर्डरने काही होत नाही. मोठ्याचाच कोपरा एल आकारात कापून की-प्लॅनला जागा करून द्या, तेच सरळ.

आता थोडं अवघडाकडे. सगळ्याच शीटवर, सगळ्याच व्ह्यूपोर्टमध्ये साईट प्लॅन एकाच जागी कापलेला दिसत असेल तर लेआउटला दोष देऊ नका, तो एक्सक्लिप आहे. कोणीतरी मॉडेलमध्ये एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेली फाईल, कापलाय. एक्सक्लिपफ्रेम १ करा म्हणजे कापलेली चौकट दिसेल, मग एक्सक्लिप देऊन ऑफ करा. हे तपासायचं कारण असं की व्हीपीक्लिपने कितीही मोठी चौकट केली तरी एक्सक्लिपने खाल्लेलं परत येत नाही, आणि माणूस दुपारभर चुकीच्या दारावर टकटक करत बसतो.

पॅन करताना रेषा बाहेर चमकत असतील तर आधी पीडीएफ काढा. पीडीएफ बरोबर आहे? मग फाईल ठीक आहे, ग्राफिक्स कार्डचा विषय आहे. ग्राफिक्सकॉन्फिग कमांडमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करून बघा. थांबलं तर कार्डचा ड्रायव्हर अपडेट करायला लागेल. ऑफिसचं मशीन असेल तर ते कॉम्प्युटरवाल्याला करू द्या, स्वतः कुठून तरी ड्रायव्हर उतरवून टाकू नका.

एक खास आपल्या सर्व्हेच्या फाईलींचं. डीजीपीएस (अचूक जीपीएस) सर्व्हे यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत, येतो, नाशिक झोन ४३ उत्तरमध्ये येतं, म्हणजे पूर्वेचा आकडा साधारण पावणेचार लाख मीटर आणि उत्तरेचा बावीस लाखाच्या वर. मीटरमध्ये ठेवलं तर चालून जातं. पण कोणी ते सगळं हजारपट करून मिलीमीटरमध्ये नेलं की उत्तरेचा आकडा दोनशे कोटींच्या पुढे, आणि शून्यापासून इतक्या लांब गेलं की रेषा थरथरतात, हॅच फुटतो, गोल तिरके दिसतात, झूम अडकतं, आणि तुम्हाला वाटतं क्रॉप बिघडला. आयडी कमांड देऊन एखाद्या कोपऱ्याचा आकडा बघा, कळेल. इथे मात्र हात आवरा. ड्रॉईंग उचलून शून्यावर ठेवायचा मोह होतो. मूव्ह मारलं की मोजणीशी नातं तुटतं आणि पुढच्या माणसाचा रस्ता तिसरीकडेच जातो. सर्व्हेयरला फोन करा आणि मीटरमधली मूळ फाईल मागून घ्या.

एवढं सगळं करून झालं नाही तर फाईलच दुखावलीय असं समजा. ऑडिट मारा, चुका दुरुस्त करायला हो म्हणा. मग फाईल बंद करून रिकव्हरने उघडा. मग व्हीपीक्लिपमध्ये डिलीटचा पर्याय घेऊन क्रॉप काढून टाका, व्ह्यूपोर्ट चौकोनी होईल, परत क्रॉप करा. तरी नाही तर तो व्ह्यूपोर्ट पुसून नवीन घ्या. तरी नाही तर नवीन लेआउट टेम्प्लेटवरून आणा. त्याच्या पलीकडे डब्ल्यूब्लॉकने मॉडेल नव्या फाईलमध्ये काढतात, पण डब्ल्यूब्लॉकमध्ये लेआउट येत नाहीत, म्हणजे सगळ्या शीट पुन्हा लावायच्या. आधी एकाच शीटवर करून बघा, फरक पडला तरच बाकीच्या.

कुठे थांबायचं ते सांगतो. नव्या फाईलमध्येही तेच होत असेल किंवा ऑडिट दर वेळी नवीन चुका दाखवत असेल तर अर्ध्या तासाच्या वर घालवू नका, ज्यांच्याकडून लायसन्स घेतलंय त्यांच्या सपोर्टला फाईल द्या. इंटरनेटवर फुकट दुरुस्ती करून देणाऱ्या साईटवर क्लायंटचं ड्रॉईंग चढवू नका.

आणि कोणी तुम्हाला म्हणालं की ही निळी रेषा शीटवर नको, तेवढी क्रॉपमध्ये घालव, तर तिथे तुमचं काम संपलं. गोदावरीकाठच्या कामात पूररेषा येतात, निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि बांधकाम कुठे चालेल ते त्यावर ठरतं. शीटवर काय दिसायचं ते ज्याची सही आहे त्या आर्किटेक्टने ठरवायचं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेलं मी एकदा ऐकलं होतं, नंतर तीन शीट फुकटात परत काढून दिल्या.

राहिला प्लॉटर. पीडीएफ लॅपटॉपवर पूर्ण दिसतोय आणि कागदावर दर वेळी त्याच बाजूची तीच पट्टी कोरी येतेय, तर एकदा दुसऱ्याच कुठल्यातरी फाईलची प्रिंट काढून बघा. तीही तशीच आली तर लॅपटॉप बंद करा, प्लॉटरवाल्याला सांगा सर्व्हिसवाल्याला बोलव म्हणून, आणि पेनड्राईव्ह काढून घ्यायला विसरू नका.